दोन हात ढाळ

"अडतीस! एकोणचाळीस! चाळीस!"

दोनशे माणसं एका सुरात मोजत होती. चाळिसाव्या पावलाला एक निवृत्त पोस्टमन फाटकाशी पोचले, वळले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. धाप नाही, खोकला नाही, भिंतीचा आधार नाही. अर्ध्या तासापूर्वी हेच गृहस्थ हीच चाळीस पावलं चालून मंचापर्यंत गेले तेव्हा दर चार पावलांना थांबत होते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मधल्या वेळात झालं काय? जिभेवर तीन थेंब! टाळ्या अशा कडाडल्या की वरचे पत्रे थरथरले.

"हृदय म्हणजे काय?" मंचावरून थेंबमहाराजांनी विचारलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, "कमळ! आणि कमळाला काय लागतं? पाणी! किती? तीन थेंब!"

कमळाला अख्खं तळं लागतं, हे दोनशे माणसांत एकालाही सुचलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आणि गोळ्या म्हणजे काय? दगड! छातीवर रोज सात-सात दगड ठेवायचे आणि वर म्हणायचं, चालताना दम लागतो. लागणार नाही तर काय?"

पुन्हा टाळ्या. सगळ्यात मागे, फाटकाजवळच्या मोरीच्या जाळीपाशी एक बाई मात्र हाताची घडी घालून उभी होती. ती मोठ्या दवाखान्यातली सिस्टर. ड्यूटी संपल्यावर कपडेही न बदलता आली होती. तिचं काम ऐकाल तर हसाल. ती माणसांना चालवायची. ज्यांचं हृदय थकलंय, पुरेसं रक्त पुढे ढकलत नाही, त्यामुळे पाय सुजतात आणि जिना चढवत नाही, अशा रुग्णांवर तिच्या दवाखान्यात एक नवं औषध तपासलं जात होतं. निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी, आणि जुनी औषधं सगळ्यांना चालूच. मग सहा मिनिटं व्हरांड्यात चालवायचं, या टोकापासून त्या टोकाला आणि परत, आणि किती अंतर झालं ते मोजायचं. कुणाला कुठली गोळी, ते सिस्टरलाही सांगत नसत.

यावरून घरी तिची थट्टा व्हायची. थट्टा करणारे म्हणजे तिचे वडील, अप्पा. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. त्यांचंही हृदय दोन वर्षांपासून थकलेलं.

"तुमच्याकडे म्हणे कुठल्या गोळीत औषध आहे ते तुम्हालाच ठाऊक नसतं!" त्या सकाळीही अप्पा म्हणाले होते. "महाराजांना निदान ठाऊक तरी आहे."

"ठाऊक असलं की मी लबाडी करीन, अप्पा. ज्याला खरी गोळी आहे त्याला म्हणेन, चला काका, अजून थोडं, शाब्बास. तो बिचारा चार पावलं जास्त चालेल आणि आम्ही म्हणू, बघा गुण!"

"तू कशाला लबाडी करशील?"

"मुद्दाम नाही. मनातून होते."

अप्पांनी "मनातून म्हणे" असं म्हणून चहा संपवला. ते उठले तेव्हा तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते. तिनं औषधाची बाटली उघडून गोळ्या मोजल्या. आठ दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.

"महाराजांचा नियमच आहे तसा," अप्पा नजर चुकवत म्हणाले. "आठ दिवस गोळ्या बंद, मगच नंबर."

तिनं समजावलं, मग ती चिडली, मग रडली. शेवटी तिनं सांगितलं की युनिफॉर्म शिवणारे ते शिंपीमामा आठवतात ना, ते महाराजांकडे असेच टाळ्यांच्या गजरात चालले होते, आणि परवापासून आमच्या वॉर्डात नाकाला नळी लावून बसून झोपतायत, कारण आडवं होता येत नाही. अप्पा म्हणाले, "त्याची श्रद्धा कमी पडली असेल." बाटली मात्र अप्पांनी मुकाट्यानं खिशात घातली.

आणि आता मंचामागच्या भिंतीवर त्याच शिंपीमामांचा हसरा फोटो लावलेला होता. खाली ठळक अक्षरात: पूर्ण बरे.

"नंबर सतरा!" माइकवाला ओरडला.

अप्पा फाटकातून आत आले. दोन तास ते बाहेरच्या उन्हात रांगेत उभे होते. फाटकाशी लेक दिसली तसे थोडे दचकले, पण नजर पुढे ठेवून लाल गालिच्यावरून चालू लागले. लोक मोजू लागले. बाराव्या पावलाला अप्पांचा वेग मंदावला. विसाव्याला त्यांनी छातीवर हात ठेवला. सिस्टरचे ओठ आवळले गेले. या माणसाला एकेकाळी वाळूची घमेली डोक्यावर घेऊन तीन-तीन मजले चढताना तिनं पाहिलं होतं. मंचाशी पोचेपर्यंत अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि तिथे ठेवलेल्या मोठ्या परडीत गोळ्या टाकायच्या होत्या.

"टाका ते दगड!" महाराज गरजले.

अप्पांनी खिशातली बाटली परडीत टाकली. परडी आधीच इतरांच्या 'दगडांनी' काठोकाठ भरलेली. बाटली वरच्या वर घसरली, खाली पडली आणि गालिच्याच्या कडेनं, उघड्या फरशीवरून गडगडत निघाली. कुणाचंच लक्ष नव्हतं. सिस्टरचं होतं. बाटली थांबेल, मग थांबेल, असं तिला वाटत होतं, पण ती उलट वेग घेत चाळीस पावलं पार करून आली आणि मोरीच्या जाळीला खट्‌कन अडकली, थेट सिस्टरच्या पायाशी.

"अगं बाई!" सिस्टर पुटपुटली.

तिनं बाटली उचलून चार पावलं वर नेऊन ठेवली. बाटली पुन्हा जाळीशी. मग तिनं त्या जागेकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. ही बंद पडलेली डेअरी. इथे रोज दुधाचे हंडे धुवायचे, फरशीवर बादल्यांनी पाणी ओतायचे. ते सगळं पाणी या मोरीकडे यायला हवं ना? तिला एकदम हसू आलं. बाटली उचलून हसतच ती गालिच्यावरून भराभरा मंचाकडे गेली.

अप्पा खुर्चीत पंख्याखाली बसून धापा टाकत होते. महाराज थेंबांची कुपी उचलत होते.

"महाराज, एक मागणं आहे," सिस्टर हात जोडून म्हणाली. "यांना थेंब दिल्यावर खाली फाटकाकडे चालवता, त्याऐवजी पुन्हा फाटकाकडून वर चालवा की. गुण तर दोन्हीकडे सारखाच दिसेल."

महाराजांनी कुपी पुन्हा खाली ठेवली. "बाळ, औषध वरून खाली उतरतं. उलट चाललं की गुण उलटतो."

"अस्सं होय," सिस्टर म्हणाली, आणि अप्पांकडे वळली. "अप्पा, ही बाटली जरा फरशीवर आडवी ठेवता का?"

"आता काय नवीन तुझं?"

"ठेवा तर खरं. माझ्यासाठी."

अप्पांनी वाकून बाटली ठेवली. बाटली निघाली. अप्पा तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा भक्तिभाव हळूहळू उतरून तिथे वेगळाच माणूस आला, चाळीस वर्षं हातात थापी धरलेला. ते खाली बसले, गालिच्याचा कोपरा उलटला, एक डोळा मिटून दुसरा फरशीच्या रेषेत लावला. तळवा फिरवला.

"ढाळ आहे," ते खणखणीत म्हणाले.

नेमका माइक जवळ होता. ते शब्द मागच्या रांगेपर्यंत गेले.

"काय आहे?"

"ढाळ म्हणतात."

"कुणाला ढाळ लागलेत? महाराजांना?"

"अगं बाई, मग तीन थेंब स्वतःच घ्या म्हणावं!"

हशा उसळला. माइकवाल्यालाही तो आवरेना. महाराज एकटे हसत नव्हते.

"कुणाला लागलेला नाही," अप्पा कमरेवर हात ठेवून उठत म्हणाले. "दिलेला आहे. फरशीला! पाणी मोरीकडे जावं म्हणून. पण इतका कुणी देतं का? दोन हात तरी असेल, माझ्या कमरेइतका. म्हणजे येताना मी डोंगर चढलो आणि जाताना उतरणार! आणि मी गवंडी असून..." लाज वाटली होती त्यांना, आणि ती त्यांनी लपवली नाही.

"जरा बसा अप्पा," सिस्टर म्हणाली आणि लोकांकडे वळली. "आठ दिवस गोळ्या बंद, दोन तास ऊन, मग चढ. कुणालाही दम लागेल. मग अर्धा तास पंख्याखाली आराम आणि उतार. थेंबांचं काम काय आणि उताराचं काय, कसं कळायचं?"

"वर चालवून बघू मला!" पोस्टमन हिरिरीनं पुढे आले.

"नको काका, उगाच दमाल. कुणाला वर चालवायचं नाही. नंबर अठरा कोण? तुम्ही अप्पांच्या मागोमाग वर येऊन बसलात ना? थेंब घेतले? नाही ना? घेऊच नका. अर्धा तास पंख्याखाली बसा आणि खाली चाला."

"हा श्रद्धेचा अपमान आहे!" महाराज कडाडले.

"असू दे की महाराज, अर्ध्या तासाचा तर प्रश्न," पहिल्या रांगेतली एक आजी म्हणाली. "आम्ही दोन तास उन्हात उभ्या होतो."

नंबर अठरा म्हणजे एका बेकरीची मालकीण, अंगानं चांगली भरलेली. अर्ध्या तासानं ती उठली आणि चालू लागली. लोकांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली, पण या वेळी आवाज दबका होता. दहा. वीस. तीस. चाळिसाव्या पावलाला ती फाटकाशी वळली. धाप नाही, खोकला नाही, भिंतीचा आधार नाही. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी मंचाकडे पाहिलं, तर महाराज मागच्या दारानं केव्हाच अंतर्धान पावले होते. त्यांचा तेवढा चमत्कार मात्र अस्सल निघाला.

लोक परडीभोवती जमले आणि आपापल्या गोळ्या शोधू लागले. सिस्टर एकेका बाटलीवरचं नाव वाचून ज्याची त्याला देत होती, आणि प्रत्येकाला बजावत होती की इतके दिवस बंद होत्या, आता मनानं सुरू करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

अप्पांना तिनं त्याच संध्याकाळी दाखवलं. चार दिवस वॉर्डात, शिंपीमामांच्या शेजारच्या खाटेवर काढावे लागले. सूज उतरली. महिन्याभरानं तपासणीची तारीख होती, तेव्हा अप्पा दवाखान्यात आले ते काखेत पिशवी घेऊन. पिशवीत त्यांची जुनी, फरशीची पातळी बघायची पाणसळ. व्हरांड्याच्या फरशीवर ठेवून तिच्या पाण्यातला बुडबुडा त्यांनी निरखला.

"तुमच्या फरशीलाही सूतभर ढाळ आहे," ते विजयी मुद्रेनं म्हणाले.

"असेल. म्हणून तर जाऊन परत यायचं असतं."

"हं. आणि ते तुझं नवं औषध चालतं का?"

"माहीत नाही. अजून सात महिने आहेत."

"नाहीच चाललं तर?"

"तर तसंच लिहायचं."

अप्पांनी पाणसळ उचलून हातात धरली. त्यांना चालवायला दुसरी सिस्टर आली, कारण आपल्या माणसाला आपण मोजायचं नाही असा तिथला नियम. अप्पा त्या चाचणीत नव्हते, तरी तिनं नियम पाळला. ती टोकाला उभी राहिली. सहा मिनिटं अप्पा गेले आणि आले, गेले आणि आले. दोनदा थांबले. शाब्बास, अजून थोडं, असे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते, आणि ते गिळताना तिचे डोळे भरून आले.

तर मंडळी, सांगायचं ते एवढंच. कुणी गुण दाखवू लागला की टाळ्या जरूर वाजवा, पण आधी त्याला म्हणा, आता उलट दिशेनं चालवून दाखवा. ज्यांनी औषध घेतलं नाही त्यांनाही चालवा. आणि भिंतीवर फोटो असलेली माणसं आज कुठे आहेत, तेवढं विचारून या. खऱ्या औषधाला या प्रश्नांचा राग येत नाही.

"किती झालं?" अप्पांनी भिंतीला टेकत विचारलं.

"दोनशे दहा मीटर," दुसऱ्या सिस्टरनं वहीत लिहीत सांगितलं.

"एवढंच? महाराजांकडे टाळ्या तरी मिळाल्या असत्या."

"इथे पुढच्या महिन्याची तारीख मिळते, अप्पा," लेक म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातातली पाणसळ घेतली.