मुलाखतीचा कोट

मी एक जुना काळा कोट आहे, मित्रांनो. आता माझी कोपरं विरली आहेत, अस्तर लोंबतंय, पण एके काळी माझा तोरा काही औरच होता. इंग्रजी अमदानी होती आणि नागपूरचं विद्यापीठ नवं नवं होतं. महाल पेठेतल्या मनोहररावांनी तिथल्या अध्यापकाच्या मुलाखतीसाठी मला शिवून घेतलं. त्यांना नोकरी लागली आणि कोटाचा पायगुण चांगला, असं गल्लीभर झालं. मग काय, जो एम.ए. होई तो मलाच मागायला येई. उंच असो की ठेंगणा, मी सगळ्यांना सांभाळून घेतलं.

मुलाखती मी ढीगभर पाहिल्या, वर्ग मात्र एकही नाही. दुपारी खुंटीवर डुलता डुलता मी स्वप्नात हरवून जायचो. उंच खिडक्या, उन्हात तरंगणारी खडूची भुकटी, मुलांची कुजबुज. जाग आली की पुन्हा तीच भिंत.

एकदा इतिहासाची एकच जागा निघाली. विश्वनाथ आणि पारशिवनीचा शालिकराम एका खोलीत राहणारे जिवलग मित्र. दोघांना एकाच दिवशी बोलावणं आलं. कोटाशिवाय आत जायची तेव्हा रीत नव्हती आणि कोट तर मी एकटाच.

"तू आंधी जा गा," शालिकराम म्हणाला. "बाहेर आला का मले दे."

विश्वनाथ यापूर्वी हात हलवत परतला होता. त्या दिवशी मात्र त्याची वाणी काय खुलली म्हणून सांगू! देवगडच्या गोंड राजांवर तो बोलत राहिला आणि साहेब मंडळी टेबलावर झुकून ऐकत राहिली. आत त्याचं काळीज धडधडत होतं, ते मला स्वच्छ कळत होतं. जागा त्याचीच, असं मी धरूनच चाललो.

मुख्य साहेबांनी शिपायाला विचारलं, "बाहेर अजून कोणी आहे?"

"एक जण हाये साहेब. पण बिनकोटाचा हाये."

"मग जाऊ द्या त्याला."

विश्वनाथ गप्प बसला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. खरं सांगतो, मलाही तो गप्पच बसायला हवा होता. पण तो उठला आणि भर सभेत त्याने माझी बटणं सोडली.

"साहेब, त्याचा कोट माझ्या अंगात आहे."

बाहेर येऊन त्याने मला शालिकरामच्या अंगात चढवलं. विश्वनाथच्या घामाने मी अजून ओला होतो. आत शालिकराम विश्वनाथहूनही सरस बोलला आणि जागा त्यालाच मिळाली.

"काहून सांगतलं गा तू?" शालिकराम रडत होता.

"तू बाहेर उभा होता ना," विश्वनाथ म्हणाला. त्याचेही डोळे वाहत होते. पुढे तो पारशिवनीच्या शाळेत मास्तर झाला.

शालिकरामने पहिल्या तासाला मलाच घातलं. उंच खिडक्या होत्या, ऊन होतं, बाहीवर खडूही सांडला. तरी माझं मन लागेना. मला सारखी विश्वनाथची आठवण येत होती.

आता मी ट्रंकेत पडून असतो. मित्रांनो, जुन्या कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवा, जमलं तर टाका घाला. आणि चांगला कोट अंगात असेल तेव्हा बाहेर कोण उभं आहे, तेवढं विचारत जा.