मुका झालेला संगणक

भाषांतरकार बाईंची नजर गेली, पण काम सुटलं नव्हतं. संगणक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा, बाई ऐकायच्या आणि बोटांच्या सवयीने टाइप करायच्या. मग त्यातल्या जुन्या सिस्टीमला कंपनीकडून अपडेट येणं बंद झालं आणि घरातले दोन जाणकार मदतीला धावले. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

आधी जावयाने लिनक्स ही दुसरी सिस्टीम घातली. "आई, फुकट आहे, आतला सगळा कोड उघडा आहे आणि अडलं तर विचारायला जगभर माणसं आहेत." संगणक बोलत राहिला. बाईंनी हातातल्या पुस्तकाची दोन प्रकरणं उरकली.

रविवारी धाकटा भाऊ आला. तो एका ऑफिसचे सर्व्हर सांभाळायचा आणि लिनक्सचं नाव काढलं की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. "ताई, ते म्हणजे दहा सुतारांनी आपापली दारं आणून बसवलेलं घर. बीएसडी ही सिस्टीम कशी, एकहाती बांधकाम." दुपारी बाईंचा डोळा लागला, तेवढ्यात त्याने फायली बाजूला काढून लिनक्स पुसलं आणि बीएसडी बसवलंसुद्धा.

उठल्यावर बाईंनी बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. पुढे काहीच नाही.

"हा बोलत का नाही?"

"बोलेल गं, जुळवाजुळव करावी लागेल. पण सुरू किती झटकन झालं, बघ ना."

"काय बघू?" बाई म्हणाल्या.

संध्याकाळी जावई आला आणि दोघांची जुंपली.

"मामा, तुमचं बीएसडी कोणीही उचलावं, बदलावं आणि स्वतःचं म्हणून कुलूप लावून विकावं. लिनक्स सुधारून दुसऱ्याला दिलं, तर सुधारणाही उघडी करावी लागते."

"जावईबापू, अटी घातलेली मोकळीक ही कसली मोकळीक?"

बाई मधल्या खुर्चीत बसून होत्या. शेवटचं प्रकरण सकाळी प्रकाशकाकडे जायचं होतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्यांची गत झाली होती. त्या उठल्या, चाचपडत भिंतीशी गेल्या आणि पडद्याची वायर उपटली.

"आता शेवटचं प्रकरण उघडा आणि पहिलं वाक्य मला ऐकवा."

भावाने बरीच खटपट केली. शेवटी म्हणाला, "पडद्याशिवाय कसं करणार, ताई?"

"मी कशी करते?"

जावयाच्या नाकातून हसू निसटलं. "तुम्ही हसू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही तरी मला कुठे विचारलं होतंत? चांगलं कोणतं, यावर खुशाल भांडा. मला बोलणारं हवंय. लिनक्स परत घाला."

भाऊ चहासुद्धा न घेता निघून गेला आणि जावई लिनक्स परत घालायला बसला. बाईंनी प्रकाशकाला फोन करून मुदत मागितली. इतक्या वर्षांत त्यांच्यावर अशी पाळी आली नव्हती.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. "नीट बोलतोय का?"

"बोलतो. जोडाक्षरं चावून खातो."

"मग मी येऊन..."

"संगणकाला हात लावायचा नाही. तुम्हा दोघांच्याही सिस्टीममध्ये आतलं उघडं असतं ना, कुणालाही सुधारता येतं? मग बसा दोघं एकत्र आणि ती जोडाक्षरं सुधारा."

"विचारतो जावईबापूंना," भाऊ कसाबसा म्हणाला.

बाईंनी फोन ठेवला आणि त्याच तुटक्या आवाजात पुढचं वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं.