लुंपियाचे आभार

आई जाऊन वर्ष झालं, तेव्हा कुठे लिओन याप बायको-मुलीला घेऊन दावाओहून मनिलाला, बिनोन्दोच्या चिनी वस्तीत आला. त्याचा जन्म इथलाच. तो लहान असताना त्यांचं कापडाचं दुकान आणि वरचं घर आगीत राख झालं. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे शाळेच्या हॉलमध्ये येऊन पडले. तिथं रोज संध्याकाळी ओंगपिन रस्त्यावरच्या एका दुकानातून लुंपियाची, म्हणजे पातळ पापुद्र्यात गुंडाळलेल्या भाजीच्या वळकट्यांची, टोपली यायची, न मागता. पुढे मामाने त्यांना दावाओला नेलं आणि ते तिकडचेच झाले. पण आई शेवटपर्यंत म्हणायची, "त्या दुकानातल्या बाईंपुढे एकदा डोकं टेकवून ये रे." लिओन हो हो म्हणायचा आणि कामात बुडायचा.

सकाळपासून तो दोघींना गल्लीबोळांतून फिरवत होता. देवळात उदबत्ती लावून झाली, चर्चमध्ये मेणबत्ती लावून झाली. वाटेत सिओपाव, म्हणजे सारण भरलेले वाफेवरचे पाव झाले, मग कियाम्पोंगचा खारा भात.

"तू आम्हाला तुझं लहानपण दाखवतोयस की चारतोयस?" त्याच्या बायकोने, मर्लिंडाने पोटावर हात ठेवत विचारलं.

"इथं दोन्ही एकच," लिओन म्हणाला.

दुकान जागेवर होतं. दाराशीच एक म्हातारी बसून लुंपियाचे पातळ पापुद्रे एकमेकांपासून सोडवत होती. सगळी गल्ली तिला आमा म्हणते, म्हणजे आजी. लिओनने तिला आगीची, शाळेची, टोपलीची हकिकत सांगितली. मग तो कमरेतून वाकला.

आमाने त्याला वाकू दिलं आणि म्हणाली, "चुकीच्या माणसापुढे वाकलास बाळा. ते सगळं माझ्या नणंदेचं. मी तर रोज तिच्याशी भांडायचे. म्हणायचे, गल्लीत आग लागली म्हणून आपलं दुकान फुंकून टाकायचं का?"

लिओनची मुलगी जोवी हळूच म्हणाली, "पापा, मग आता आभार कोणाचे?"

"ती बघ, भिंतीवर," आमा म्हणाली. फोटोत उभट चेहऱ्याची, ओठ घट्ट मिटलेली बाई होती. लिओनने उदबत्ती पेटवून तिच्यापुढे डोकं टेकवलं.

"आमा, टोपल्या त्यांनी पाठवल्या, पण तुम्ही काय करत होतात?" जोवीने विचारलं.

"काय करणार? गुंडाळायचे. हुकूम तिचा, हात माझे. एकेक गुंडाळायचे आणि एकेक शिवी घालायचे."

"म्हणजे तुमच्या शिव्याही मी खाल्ल्यात," लिओन म्हणाला. "मानवल्या मला." आणि तो पुन्हा तिच्यासमोर वाकला. या खेपेला म्हातारी हसली.

मग तिचे हात थांबले. "तुझी आई निघायच्या दिवशी टोपली परत द्यायला आली होती. रिकामी टोपली कशी द्यायची? पण जळल्या घरात द्यायला होतं काय तिच्याकडे? आत मूठभर लिंबं होती, शाळेच्या झाडाची, अजून कच्ची. मी ती हातात घेतली आणि मला फार लाज वाटली रे. त्यानंतर नणंदेला त्यावरून शब्द बोलले नाही."

लिओनला ते झाड आठवलं. आईने त्याला खांद्यावर उभं केलं होतं, "तोड, तोड, हात पुरतोय तेवढी," म्हणत होती. ती लिंबं कशाला, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. आईनेही कधी सांगितलं नव्हतं.

मर्लिंडाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग पदार्थांच्या फळीकडे वळून म्हणाली, "आमा, मला शिकवाल गुंडाळायला?"

"पण तुझं पोट भरलंय ना?" जोवीने विचारलं.

"जागा करते."

आमाने तिच्यापुढे पापुद्रा पसरला. मर्लिंडाने त्यावर शिजलेल्या भाज्यांचा ढीग रचला, वर साखर-शेंगदाण्याचं कूट घातलं आणि गुंडाळायला गेली तोच पापुद्रा फाटला.

"बघा बाई, हावरटपणा," आमा करवादली. "यापांच्या घरात कोणी थोडक्यात भागवणारं नाही का? दुसरा घे."

दुकानात गिऱ्हाईक वाढत गेलं. लिओन बाह्या सारून पाणी आणू लागला, जोवी ताटल्या मांडू लागली, आणि त्यांना निघायची आठवण कोणी करून दिली नाही.