बाटलीवरचा बैल

मी एक जुना बैल आहे आणि मी कुणालाही माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो. म्हाताऱ्या जनावराच्या तोंडून गोड गोड ऐकायला आला असाल, तर मित्रांनो, आपापले लाकडी बैल घ्या आणि पुढच्या घरी जा. आज तान्हा पोळा, म्हणजे तुम्हा पोरांचा पोळा आहे, तिथं खाऊही मिळेल. थांबणार असाल तर बसा, पण माझ्या शिंगांपासून जरा लांब.

माझं नाव पैलवान. तुम्ही मला पाहिलं आहे. किराणा दुकानात 'गोदाई घाणा तेल' नावाची पिवळ्या झाकणाची बाटली असायची ना? तिच्यावर एक हसरी म्हातारी आणि तिच्या मागं पांढराशुभ्र बैल. तो बैल मी. ती म्हातारी म्हणजे माझी मालकीण गोदाबाई. आमचा घाणा सुरू झाला तेव्हा ती म्हातारीही नव्हती.

मोठ्या कंपन्या आपली गोष्ट नेहमी एखाद्या लहानशा शेडपासून सुरू करतात. आमची शेड खरी होती. मूर्तिजापुरात, शकुंतला गाडी जिथून सुटायची त्या रुळांपलीकडे, टिनाच्या छपराखाली सूर्यभान आणि गोदाबाई या नवराबायकोनं लाकडी घाणा मांडला होता. उखळात जवस ओतायचं. वर जाड मुसळ, मुसळाला दांडा आणि दांड्याला मी. चक्कर येऊ नये म्हणून माझ्या डोळ्यांवर झापडं. मी गोल फिरलो की मुसळ फिरायचं, जवस चिरडायचं आणि खालच्या भोकातून तेलाची धार लागायची. भार असा असायचा की खांदा सोलून निघायचा. तेल निघाल्यावर उरलेला चोथा म्हणजे ढेप. ती माझी. घाणा संपला की गोदाबाई पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "बस झालं रे, पैलवान." मग ढेपीचा पहिला तुकडा माझ्या तोंडात.

खेड्यापाड्यातून माणसं करडई, तीळ, जवस घेऊन यायची आणि आपल्या डोळ्यांदेखत तेल काढून न्यायची. गोदाबाईचा शब्द म्हणजे शब्द. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या खांद्याला हळद-तूप चोळायची आणि म्हणायची, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." पोळ्याच्या दिवशी जगातला कुठलाही बैल जू घेत नाही. त्या दिवशी आम्ही पाहुणे. पुरणपोळी खायची, मिरवायचं आणि लोकांना पाया पडू द्यायचं.

सूर्यभान वारले आणि पुण्याहून शिकून पुतण्या आला. किशोर. आल्या आल्या त्यानं माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढले. मला वाटलं, बरा पोरगा आहे. बैलबुद्धी म्हणतात ती हीच!

किशोर हुशार होता, हे मी रागातही नाकारणार नाही. त्यानं तेल बाटलीत भरलं. अकोल्यात दुकान काढलं, मग अमरावतीत, मग नागपूर आणि पुण्यापर्यंत. बाटलीवर छापलं, 'आजही बैल फिरतो, म्हणूनच तेल शुद्ध.' शहरातली माणसं ते वाचून हळवी व्हायची आणि दोन बाटल्या जास्त घ्यायची. शेड पाडून हायवेला कारखाना उभा राहिला. फाटकावर माझा सिमेंटचा पुतळा बसला. पुतळ्याला रोज हार घालत, मला आठवड्यातून एकदा खरारा करत.

पण खरी गोष्ट ढेपीची आहे. बाटल्या वाढत गेल्या आणि माझी ढेप कमी होत गेली. एक दिवस ती बंदच झाली. मित्रांनो, मी बैल आहे, मला हिशेब येत नाही. पण तेल निघालं तर ढेप उरतेच, एवढं माझ्या पोटाला कळतं. मग भर दुपारी मागच्या दारानं टँकर येताना मी पाहिले. कसलं तरी स्वस्त तेल पाइपनं आत जायचं आणि पुढच्या दारानं गोदाबाईचा चेहरा लावून बाहेर पडायचं.

गोदाबाईलाही ढेपच खटकली. ती सरळ किशोरच्या केबिनीत गेली. मी खिडकीखाली बांधलेला होतो.

"कारे किशोर, तेल इतकं निंगते, तं ढेप कुठी जाते?"

"काकू, तू कशाला डोकं लावतेस?"

"लावतो तं! लोकं माह्या तोंडाकडं पाहून तेल घेऊन राहिले. माहा फोटो काढ त्या बाटलीवरून. आजच्या आज काढ."

किशोर हसला. ते हसू मी अजून चघळतो आहे. "काकू, तो चेहरा आता तुझा नाही राहिला. कंपनीचा झाला."

दुसऱ्या दिवसापासून तिला फाटकावरच अडवलं. काकूचं डोकं फिरलं आहे, असं किशोरनं सगळीकडे सांगितलं. जिनं मला घास भरवला, ती रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहून स्वतःचा फोटो परत मागायची आणि आतून बाटल्यांचे ट्रक तिच्या अंगावर धूळ उडवत जायचे. त्या दिवशी मी मनात गाठ बांधली, बच्चा किशोर, तुला सोडणार नाही.

मला आता नवं काम होतं. पाहुण्यांसाठी काचेच्या खोलीत एक देखणा घाणा उभा केला होता. मी फिरायचो, तेल पडायचं, पाहुणे टाळ्या वाजवायचे. पण खांद्यावर भारच नाही! हयातभर घाणा ओढलेल्या बैलाला हे कळणार नाही? उखळात वरवर शेंगदाणे पसरलेले, आणि तेल यायचं फरशीखालच्या पाइपातून. मी नुसता तमाशातला नाच्या. लाजेनं मान वर होत नव्हती. तरी मी गप्प फिरत राहिलो. योग्य दिवसाची वाट पाहत होतो.

तो दिवस किशोरनंच ठरवला. कंपनीचा मोठा सोहळा, टीव्हीवाले, गावोगावचे व्यापारी. आणि दिवस कोणता? पोळा!

फाटकावरचा पहारेकरी धर्मपाल हात जोडून म्हणाला, "साहेब, पोयाच्या दिवशी बैल जुंपत नाई. पाप लागते."

"जुंपतोय कुठं? त्याला ओढायला भारच कुठं आहे?" किशोर म्हणाला.

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला. "पैलवान! आज आवतन घे रे, उद्या जेवाले ये!" ती विसरली नव्हती.

सकाळी मला झूल घातली, शिंगं रंगवली, गोंडे लावले आणि घाण्याला बांधलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. "अबे, पोयाच्या दिवशी?" शालिकराम नावाचे एक म्हातारे व्यापारी तर उठून उभे राहिले. किशोर माइकवर सांगत होता, "हा बैल आमचा आत्मा आहे." मी फिरत होतो. तेलाची धार पडत होती.

तेवढ्यात गोदाबाई आत आली. धर्मपालनं तिला अडवलंच नाही. उलट तोच ओरडला, "आवतन देल्लं हाय तिनं. आज तिले कोण अडवते?"

ती काचेपाशी आली आणि म्हणाली, "बस झालं रे, पैलवान."

मी थांबलो. खांबासारखा उभा राहिलो. दांडा थांबला, मुसळ थांबलं. आणि मित्रांनो, तेल पडतच राहिलं! अशी छान, जाड, सोनेरी धार! किशोर धावत आला. त्यानं टोकदार पराणी माझ्या बरगडीत खुपसली. रक्त आलं. मी शेपटीही हलवली नाही. टोच बेट्या, टोच. कॅमेरे चालू आहेत.

भांडं भरून तेल फरशीवर आलं. शालिकराम पुढं झाले, त्यांनी मुसळाला हात लावून पाहिला, मग धारेकडे पाहिलं. "बैल उभा हाय, घाणा उभा हाय. मंग हे तेल कोण काढून राहिलं बाप्पा?"

कुणी हसलं, कुणी शिवी हासडली. शालिकरामांनी टेबलावरची बाटली घेतली आणि नखानं तिचा कागद सोलायला लागले. मग दुसऱ्यानं सोलला, मग सगळ्यांनीच. सोललेले कागद त्यांनी आणून गोदाबाईच्या पदरात टाकले. तिनं माझा दोर सोडला आणि आम्ही जेवायला घरी गेलो.

त्या बाटलीवर आता कुणाचाच चेहरा नाही. बाटलीच नाही.

पुढं किशोर एकदा अंगणात आला होता. कॅमेऱ्यापुढं दोन चांगले शब्द बोल म्हणून काकूच्या पाया पडला. तिनं माझ्याकडे बोट केलं. "मले काय सांगतं? टोचलं तू त्याले. त्याले विचार." त्यानं माझ्यापुढं हात जोडले. मी सावकाश पाठ फिरवली आणि शेपटी वर केली. त्याचे बूट नवे होते.

ऐकतो की आता त्यानं दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावानं, नवा तरणा बैल बांधला आहे. म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. बैलाच्या गळ्यात हार घालू नका, त्याच्याबरोबर फोटो काढू नका. त्याची ढेप कुठं आहे ते विचारा. मग त्याच्या पाठीवर थाप मारा आणि म्हणा, "बस झालं रे." तो थांबल्यावरही तेल पडत राहिलं, तर धावत येऊन मला सांगा. म्हातारा झालो असलो तरी तेवढं अंतर मी चालू शकतो, आणि माझी शिंगं अजून शाबूत आहेत.