दोन पेट्यांच्या मधोमध

खेमाभाऊ खोटं बोलतोय, हे मी आधीच धरून चालले होते.

औंढ्याला अमृतरावकाकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम चालते. काका मालक आणि गायकही. खेमाभाऊ कीबोर्ड वाजवतो, मी बेस गिटार; तिचा आवाज डाव्या-उजव्या बाजूच्या दोन स्पीकरच्या पेट्यांतून येतो. त्या दुपारी गाणं संपलं आणि मधोमध माइकपाशी उभे असलेले काका माझ्याकडे वळले.

“निलम, वाजवून राहिलीस का नुसती तारांना कुरवाळून राहिलीस?”

“काका, केवढा आवाज येतोय!”

“कुठं? मला तर न्हाई आला.”

“मला बी न्हाई,” काकांच्या मागे बसलेला खेमाभाऊ म्हणाला. “एक पेटी होती तवा ऐकू येत होतं. दोन झाल्या अन् गायबच. काका, डाव्या हातानं मी वाजवतो ना बेस. कीबोर्डात सगळं असतंय.”

हे तो दिवाळीपासून म्हणत होता. काकांनी या वेळी त्याला गप्प केलं नाही. “नरसी गावच्या लग्नाच्या कार्यक्रमाआधी काय ते बघ,” ते मला म्हणाले. “न्हाईतर खेमाचा डावा हात हायेच.”

म्हणजे माझी गरज संपली. आणि दुसरी पेटी तर माझ्याच हट्टाने आली होती. आमचा अॅम्प चार ओहमच्या भारावर पूर्ण ताकद देतो, भार त्याखाली गेला तर तापतो. पहिली पेटी आठ ओहमची, त्यामुळे अॅम्पची पूर्ण ताकद निघत नव्हती. काकांना कुठूनशी चार ओहमची आयती पेटी मिळत होती. ती सोबत जोडली असती तर एकूण भार तीन ओहमच्याही खाली आला असता आणि अॅम्प तापून बंद पडला असता. मी नको म्हटलं. पहिल्यासारखाच आठ ओहमचा सुटा स्पीकर आणायला लावला, वैजनाथ सुताराकडून त्याच मापाची पेटी करून घेतली. आठ आणि आठ समांतर जोडले की चार. यात चूक होण्यासारखं काही नव्हतं.

तरी मी मीटर लावून पाहिलं. दोन्ही पेट्यांचं रीडिंग जवळपास सारखंच, सहाच्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरच्या नुसत्या तारेचा रोध एवढाच भरतो. वायर कुठे तुटलेली नव्हती. मग एकेक पेटी वेगळी वाजवली. दोन्ही ठणठणीत.

“आता आला ना आवाज?” मी विचारलं.

“एकेकटीचा येतो,” काका म्हणाले. “दोन्ही लाव.”

मी दोन्ही लावल्या. माझ्या कानाशी, डाव्या पेटीपाशी, आवाज दणदणीत होता. काकांनी मान हलवली. खेमाभाऊने त्यांच्याकडे बघितलं, काकांनी त्याच्याकडे. या दोघांचं आधीच ठरलंय, असं मला वाटलं. मी गिटार काकांच्या हातात दिली, “ही जाड तार छेडत राहा” म्हटलं आणि स्वतः मधोमध जाऊन उभी राहिले.

आवाज नव्हता. तारेवर बोट घासल्याची खरखर तेवढी येत होती. मी उजवीकडे सरकत गेले, पेटीजवळ बेस पुन्हा छातीत घुमला. परत मध्ये आले, गेला.

म्हणजे दोघं खरं बोलत होते. पण माझा संशय गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. एक पेटी हवा पुढे ढकलत असेल तेव्हाच दुसरी मागे ओढत असेल, तर खालचे सूर मधोमध एकमेकांना खाऊन टाकतात. एका स्पीकरची जोडणी उलटी असली की असं होतं. आणि नव्या पेटीतली वायर सोल्डर केली होती खेमाभाऊने.

मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. पेट्यांच्या केबली अॅम्पमधून सोडवल्या. सेलचं वरचं टोक केबलीच्या पिनेच्या टोकाला टेकवलं, बूड वायरीच्या तुकड्याने पिनेच्या दांडीला. जुन्या पेटीतल्या स्पीकरचा पडदा पुढे उचलला गेला. नव्या पेटीचा आत गेला.

“बघा काका. उलटी जोडलीय.”

“कोणी?” काकांनी विचारलं.

मी खेमाभाऊकडे बघितलं. तो भडकला. “माझ्याकडं काहून बघून राहिली? लाल खूण बघून लाल वायर लावली मी.”

“मग पडदा आत काहून गेला, खेमाभाऊ?”

“ते तुलाच ठाव. मीटर तुझं, सेल तुझा, शाळा तुझी.”

“डाव्या हाताची घाई कुणाला झालीय?”

“खोल!” तो ओरडला. “खोल पेटी! सगळ्यांसमोर खोल!”

मी स्क्रू काढले. स्पीकर पालथा केला. मागे दोन टोकं होती. एकावर लाल ठिपका, त्यालाच लाल वायर. खेमाभाऊने कमरेवर हात ठेवले. “आता बोल.”

ठिपका जरा मोठाच होता आणि कडेने पसरलेला. मी नखाने खरवडला. नख लाल झालं आणि ठिपका उडाला. दुसऱ्या टोकावर पिवळट थर बसला होता. तो पुसला. खाली कंपनीचा ठिपका निघाला, मोहरीएवढा, लाल.

हळद आणि कुंकू. खंडेनवमीला हा स्पीकर काकांच्या घरी सुटाच पडून होता, पेटी तेव्हा वैजनाथकडे होती.

“पद्मा!” काकांनी घराकडे तोंड करून हाक मारली.

पद्माकाकू पदराला हात पुसत आल्या. त्यांनी स्पीकर बघितला, मग आम्हा तिघांकडे. “पूजा केली म्या. कीबोर्डाची केली, हिच्या गिटारीची केली, ह्याची काहून न्हाई करायची? दोन टोकं दिसली. एकाला हळद लावली, एकाला कुंकू. का? बिघडलं का काही?”

“न्हाई काकू,” खेमाभाऊ म्हणाला. “फक्त मी चोर ठरत होतो.”

काका हसले, मी हसू शकले नाही. खेमाभाऊने सोल्डर गन तापवली आणि वायरी बदलल्या. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. त्याला ते कळलं, त्याने हात आणखी सावकाश चालवला.

मी वाजवलं तेव्हा शेडचा पत्रा थरथरला. काका मधोमध डोळे मिटून उभे राहिले. “नरसीला तूच वाजव,” ते म्हणाले.

खेमाभाऊ डाव्या पेटीपाशी गेला, उजव्या पेटीपाशी गेला, मग मध्ये येऊन थांबला. “वाजतंय,” तो म्हणाला. बस, एवढंच.

नरसीला मंडपात मी लवकर पोचले. पर्समध्ये सेल होता. पेट्यांच्या मागे गेले तर खेमाभाऊ आधीच उकिडवा बसलेला, हातात पिन आणि स्वतःचा सेल.

“इतका बी भरवसा न्हाई?” मी विचारलं.

“तुझ्या पर्समध्ये काय हाय?”

मी सेल काढून दाखवला. तो पहिल्यांदा हसला. “जा, पुढून बघ.”

मी पुढे जाऊन पेटीच्या जाळीजवळ वाकले. त्याने सेल टेकवला. पडदा पुढे आला.

“बराबर?”

“बराबर,” मी म्हटलं. “दुसरीला पण लाव.”