वाढलेलं ताट

"भाजीत मीठ कमी हाय," असं म्हणून पेडगावच्या किशनरावांनी ताट पुढं सरकवलं, की बायनाबाई बरणी घेऊन लगबगीनं यायच्या. कमी नसलं तर जास्त असायचं. भाकरी कधी जाड निघायची, कधी वातड. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. हे इतक्या वेळा घडलं होतं, की दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपल्यापैकी किती घरांत वाटतं, सांगा बरं!

किशनराव माणूस वाईट नव्हते हो. वीज कंपनीत लाईनमन म्हणून हयात काढलेली. वाऱ्यावादळात तारा तुटल्या की खांबावर चढून गावोगाव उजेड करायचे. व्यसन नाही, कुणाच्या वाटेला जाणं नाही. पण स्वतःच्या घरातला गॅस कोणत्या बाजूला फिरवला म्हणजे पेटतो, हे साठी उलटली तरी त्यांना ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचे ते बल्ब बदलण्यापुरता.

बायनाबाईंचा चातुर्मासाचा नेम होता, गेली अकरा वर्षं. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही दिवस मावळायच्या आत. पळसाच्या पत्रावळीवर, आपल्या घरी शिजलेलं ऊन अन्न. जेवताना तोंडातून शब्द काढायचा नाही. एकदा पानात पडलं ते पडलं. वरून मागायचं नाही आणि पडलेलं टाकायचं नाही. किशनरावांचं उरकलं, की आपल्या हातानं वाढून घेऊन त्या कोपऱ्यात बसायच्या. कधी बसल्या, कधी उठल्या, कुणाला कळायचंही नाही.

यंदा श्रावण सरता सरता तुळशीला पाणी घालताना अंगणातल्या शेवाळावर त्यांचा पाय घसरला. डावं मनगट मोडलं. परभणीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावून सांगितलं, "सहा आठवडे या हातानं काही करायचं नाही. अंगात रक्त कमी आहे. दोन घास पोटभर जेवत चला, आणि गोळ्या जेवणावरच घ्या. उपाशीपोटी नकोत."

पुण्याहून मुलाचा, हरिओमचा फोन आला. "बाबा, परभणीहून डबा लावून टाका. रिक्षावाला रोज आणून देतो."

झालं! किशनरावांच्या मते प्रश्न मिटला. दुपारी एकला डबा आला. भाजीला मीठ जास्त होतं. पण बाहेरच्याला काय बोलायचं, म्हणून ते मुकाट जेवले. बायनाबाईंनी मात्र एक केळं आणि पेलाभर दूध घेतलं.

"अगं, जेव की!"

"घरचं ऊन अन्न पाहिजे. नेम हाय माझा."

"मग सोड यंदाच्या साली. हात मोडल्यावर देव काय बघायलाय का?"

"देव बघू दे न्हाई तर न बघू दे," बायनाबाई हळूच म्हणाल्या, "मी बघायले की."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. गोळ्या पाकिटात तशाच राहिल्या. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. किशनराव धावले. बायनाबाईंनी काटवट भिंतीला टेकवून एका हातानं पीठ मळायला घेतलं होतं. काटवट पालथी पडली होती, ज्वारीचं पीठ सगळीकडं झालं होतं, आणि त्या भिंतीला धरून डोळे मिटून खाली बसल्या होत्या. भोवळ आली होती.

आवाज ऐकून शेजारचे बुद्धभूषण सर आले. ते झरीच्या शाळेत शिक्षक. त्यांनी पाणी दिलं, वहिनींना पलंगावर बसवलं, आणि किशनरावांना बाहेर ओसरीवर घेऊन गेले.

"भोवळ कशानं आली?"

"हट्टानं, सर! तीन दिवस पोटात अन्न न्हाई. तुमीच सांगा तिला, सोड म्हणावं तो नेम."

"त्यांच्या नेमातलं मला काही कळत नाही, किशनराव. भूक मात्र कळते." सरांनी त्यांच्या हातांकडं पाहिलं. "तुमच्या हातांना काय झालंय?"

"माझ्या? काय न्हाई की."

"दोन्ही शाबूत दिसायलेत, म्हणून विचारलं."

किशनराव ओशाळले. "सर, ते बाईमाणसाचं काम. मला साधा चहा येत न्हाई."

"माझ्या बायकोची, बबिताची दवाखान्यात ड्युटी असली की आमच्याकडं भाकरी मीच टाकतो. माझी लेक कधी विचारत नाही, भाकरी आईनं केली का बापानं. गरम हाय का, एवढंच विचारती. भुकेला बाई-बाप्या कळत नाही हो! आणि खांबावर चढायचं तुमी काय जन्मताच शिकून आला होता?"

"न्हाई. आमच्या वस्तादानं शिकवलं."

"मग! इथली वस्ताद तुमच्याच घरात पलंगावर बसलीय. त्यांचा नेम मोडायला निघालाव, त्यापेक्षा तुमचा मोडा की."

"माझा? माझा कुठला नेम?"

"उंबरा न ओलांडायचा," सर म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

समोरच्या ओट्यावर आबासाहेब बसले होते. गावभर टवाळी करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. किशनरावांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं, आत आले, दाराला कडी घातली आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला.

"सांग. काय करायचं?"

बायनाबाई दचकल्या. "तुमी?"

"सांग लवकर, दिवस मावळून जाईल."

मोडका हात झोळीत धरून त्या स्टुलावर येऊन बसल्या. "वरण-भात करू. वाटीभर तुरीची डाळ घ्या. धुवा. अजून एकदा. पाणी निवळ होऊ द्या. हळद घाला."

"किती?"

"अंदाजानं."

"अंदाजानं म्हंजे किती?"

"तारेला ताण किती द्यायचा, ते तुमी कशानं ओळखायचे?"

"हातानं."

"मग हेबी हातानंच."

कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा खांबावर कधी न घाबरलेला हा माणूस दोन पावलं मागं सरला. बायनाबाई पदराआड हसल्या. फोडणीच्या वेळी म्हणाल्या, "तेल तापलं का बघा. मोहरीचा एक दाणा टाका. तडतडला की बाकीची टाका."

"म्हंजे टेस्टर लावून बघायचं," किशनराव म्हणाले. त्यांचं त्यांनाच बरं वाटलं.

उन्हं भिंतीवरून उतरायला लागली होती. "मीठ तेवढं शेवटी घाला. मी दिवा लावते देवापुढं," असं सांगून बायनाबाई उठल्या. इकडं भात खाली लागल्याचा वास आला, तिकडं वरण उतू गेलं, पळी सापडेना, पत्रावळ सापडेना. कशीबशी किशनरावांनी नैवेद्याची वाटी देवापुढं ठेवली, पाट मांडला, पान वाढलं.

बायनाबाईंनी पानाला नमस्कार केला आणि पहिला घास घेतला.

किशनराव समोरच बसले. नवीन तार ओढल्यावर गावात दिवे लागतात का, हे जसे ते खांबाखाली उभे राहून बघायचे, तसे बायकोच्या तोंडाकडं बघत राहिले. दुसरा घास, तिसरा घास. शब्द नाही. बायनाबाईंनी शांतपणे सगळं पान संपवलं, शेवटचं शीतही टिपून घेतलं. हात धुतला, गोळ्या घेतल्या आणि म्हणाल्या, "देवानं तुमचं कल्याण करावं. बसा आता तुमी."

किशनरावांची छाती फुगली. त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं, मोठा घास तोंडात घातला, आणि घास तोंडातच राहिला.

अळणी! वरणात मिठाचा कण नव्हता! भात मध्ये कच्चा, खाली करपलेला!

त्यांची नजर फळीवर गेली. मिठाची बरणी जागची हललीही नव्हती.

आणि त्यांना ती संध्याकाळ आठवली. बायनाबाईंची आई गेली होती. तेरावं करून त्या माहेराहून परत आल्या आणि आल्या पावली स्वयंपाकाला लागल्या. आमटी अळणी झाली होती. किशनरावांनी ताट भिंतीकडं ढकललं होतं. "लक्ष कुठं असतं गं तुझं?" असं म्हणून ते उठून गेले होते. लक्ष कुठं होतं, हे त्यांनी खरंच कधी विचारलंच नव्हतं.

"मीठ न्हवतं," ते म्हणाले.

"न्हवतं."

"मग सांगायचं की गं!"

"जेवताना बोलत न्हाई मी."

"ताट सरकवायचं!"

"टाकायचं न्हाई, हाबी नेमच."

"अगं, पण असलं अळणी कसं उतरलं घशाखाली?"

बायनाबाई प्लास्टरवर पदर ओढून घेत म्हणाल्या, "माहेर सुटल्यापासून माझं ताट कुणी वाढलं न्हवतं. मीच वाढून घ्यायची, मीच बसायची. आज कुणीतरी पाट मांडला, पान वाढलं, समोर बसलं. मीठ कुठं ध्यानात येतंय?" आणि डोळे पुसत हसल्या, "देवाला बी अळणीच नैवेद्य गेला. त्यानं कुठं काय म्हटलं!"

बरणी हाताच्या अंतरावर होती. किशनरावांनी ती घेतली नाही. सगळं ताट त्यांनी तसंच अळणी संपवलं. काही घासांना डोळ्यांतलं पाणी होतं, तेवढंच काय ते मीठ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा बंद केला.

पहिल्या भाकरीला कडा नव्हती, दुसरीला मध्य नव्हता. पीठ शिळं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेला. आधणाच्या पाण्यात मळायला बायनाबाईंनी शिकवलं. पिठल्यात गाठी झाल्या त्या दिवशी त्या म्हणाल्या, "पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग फोडणीत सोडा, आणि हात थांबवू नका." मेथी निवडता निवडता किशनरावांची कंबर धरली. रोज संध्याकाळी हे काम कुणीतरी करत आलंय, हे त्यांच्या कमरेला पहिल्यांदा समजलं. स्वयंपाक मात्र दार लावूनच चालायचा.

एका संध्याकाळी लाईट गेली, पंखा बंद पडला. मिरचीचा खकाणा घरभर झाला.

"उघडा की दार, जीव गुदमरायलाय," बायनाबाई खोकत म्हणाल्या.

"लोक बघतील."

"चोरी करायलाव का?"

किशनराव गेले आणि दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. समोर आबासाहेब होतेच.

"काय हो लाईनमन! आता हातात बांगड्या भरा म्हंजे झालं!"

"भरतो की, आबासाहेब," किशनराव उलथनं हातात धरूनच ओरडले, "पण एवढी भाकरी उलटून घेऊ द्या, करपायली!"

बायनाबाईंना हसू आवरेना. आबासाहेबही हसले, पण ओट्यावरून उठले नाहीत.

"तुमचं काय शिजलंय आज?" किशनरावांनी विचारलं.

"सून माहेरी गेलीय. सकाळपासून चहा-बिस्कीट," आबासाहेबांचा आवाज उतरला.

"या मग. वाढतो."

आबासाहेब आले. गाठी न होता पिठलं कसं करायचं ते ऐकत पिठलं-भाकरी पोटभर जेवले. जाताना दारात घुटमळले आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "पीठ आधी कालवायचं म्हणला न्हाई का? गार पाण्यात का ऊन?"

आश्विनात प्लास्टर निघालं. घरी येताच बायनाबाईंनी पदर खोचला. किशनराव उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

"हात बरा झालाय की माझा!"

"हात बरा झाला म्हणून तुझी भूक गेली का? सकाळ तुझी, संध्याकाळ माझी. माझा नेम हाय."

"कवाधरून? आन् उद्यापन कधी?"

"तुझ्या नेमाला उद्यापन असतंय. माझ्या न्हाई."

कार्तिकी एकादशी झाली. मौनाचा नेम पुरा झाला म्हणून द्वादशीला सकाळी बायनाबाईंनी मारुतीच्या देवळाला पितळी घंटा वाहिली. शिडी लावून ती टांगली किशनरावांनीच. घरी आल्यावर त्यांनी बायकोला हट्टानं पाटावर बसवलं. वरण-भात, ज्वारीची भाकरी, भरलेली वांगी. आधी तिचं पान, मग आपलं.

बायनाबाईंनी हात जोडले, घास घेतला, आणि थांबल्या. आज बोलायला मुभा होती. चार महिन्यांनी पहिल्यांदा त्या जेवता जेवता बोलल्या.

"अहो, भाजीत मीठ कमी हाय."

किशनराव असे उठले, जसं काही देवानंच हाक मारली! बरणी घेऊन लगबगीनं आले, चिमूटभर मीठ पानाच्या कडेला वाढलं. "अजून पाहिजे का?" त्यांनी विचारलं. बायनाबाई हसत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. एकोणचाळीस वर्षांत पानावर बसून त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मागितलेलं आणून देणारं माणूस घरात होतं.

माझ्या भावांनो, वरण-भात शिकायला कुठल्या शाळेत जावं लागत नाही. वाटीभर डाळ, दोन हात आणि शिकवणारी घरातच असते. जे हात आपल्याला रोज वाढतात, त्यांच्यापुढंही कधीतरी वाढलेलं ताट यावं, एवढंच. देवापुढं नैवेद्य ठेवतो ना आपण? मग घरच्या अन्नपूर्णेला उपाशी ठेवून तो देवाला तरी कसा गोड लागावा! आज संध्याकाळी "मीठ कमी आहे" हे शब्द ओठांवर आले, तर ते तिथंच थांबवा, आणि आधी एवढं विचारा: "तू जेवलीस का?"