डावीकडे ओढणारी बॅग

मित्रांनो, मी एक जुनी, चाकांची प्रवासी बॅग आहे. रंग तपकिरी, म्हणजे एकेकाळी होता. माझं एक चाक वाकडं आहे. कितीही सरळ ओढा, मी डावीकडेच जाते. त्यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली. आता मात्र घरात मला कोणी नावं ठेवत नाही. असं का, ते ऐका.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. दुकानातून मला आत्याबाईंनी उचललं. त्या घरीच कपडे शिवायच्या. त्यांची भाची आईविना वाढली, ती त्यांच्या शिलाई मशीनशेजारीच. ती वसतिगृहात राहायला निघाली तेव्हा मीच तिच्यासोबत गेले. त्या दिवशी तिच्या मामांनी मला उचलायचा कंटाळा केला आणि जिन्यावरून धाडधाड ओढत उतरवलं. चाक मोडलं. दुरुस्तीवाल्याने हाताशी होतं ते बसवलं, जरा लहान आणि तिरकं. पुढे मी माळ्यावर गेले. पोटात जुन्या चादरी आणि अंगावर धूळ. मला फार वाईट वाटायचं.

मग भाचीचं लग्न ठरलं. परदेशात, समुद्रकाठच्या एका हॉटेलात. आत्याबाईंची नजर अधू होत चालली होती, तरी लग्नाचा हिरवा रेशमी पोशाख त्यांनीच शिवायला घेतला. "हा झाला की मशीन बंद," असं त्या म्हणायच्या. तो ठेवायला मला खाली काढून पुसलं गेलं. मी किती फुगले म्हणून सांगू!

भाची एकेका पाहुण्याला फोन करून बजावत होती. पासपोर्टची मुदत आधी बघा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. लग्न वाळूवर आहे, उंच टाचांच्या चपला आणू नका. एक दिवस तरी आधी पोहोचा.

"आणि मामा, तुमचा फोन तिकडे चालेल असं करून घ्या."

"बघू गं, तिकडे गेल्यावर," मामा म्हणाले. मामांचं सगळं असंच.

आत्याबाईंना एक युक्ती सुचली. पोशाखाच्या उरलेल्या कापडाच्या फिती कापून त्यांनी सगळ्या नातेवाइकांना वाटल्या. आपल्या माणसांच्या बॅगा लांबून ओळखू याव्यात म्हणून! झालं उलटंच. विमानतळावर सरकत्या पट्ट्यावरून हिरव्या फितींची वरातच आली. पोशाख खरं तर विमानात जवळ ठेवायचा होता, पण आत्याबाईंच्या हातातल्या बॅगेत सगळ्यांचे खाऊचे डबे आणि स्वेटर कोंबलेले. पोशाख माझ्या पोटात, आणि मी पट्ट्यावर.

मामांनी फीत पाहिली आणि मला पट्ट्यावरून खाली ओढलं. त्यांची बॅगही तपकिरीच, पण नवी कोरी. डोंगरावरच्या एका गावात त्यांचा जुना मित्र राहायचा. रात्री त्याच्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ऐन मुहूर्तावर ते पोहोचणार होते. फोन अर्थातच चालत नव्हता.

पुढचं मला मामांच्या बॅगेने नंतर सांगितलं. हॉटेलात आत्याबाईंनी तिला उघडलं, तर आत चट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्ड्या आणि मासे पकडायला जाताना घालायची टोपी. आत्याबाईंनी तिच्यावरची हिरवी फीत हातात धरली.

"माझीच अक्कल गहाण पडली होती! सगळ्यांना एकच फीत बांधली."

"आत्या, मी साध्या कपड्यांत उभी राहीन ना," भाची म्हणाली.

"तू राहशील गं. पण मला ते बघवायचं नाही."

दोघी एकमेकींना धरून रडल्या. मामांचा फोन लावून लावून सगळे थकले.

इकडे बसस्थानकाबाहेर दगडी फरशी होती. मामा मला ओढत घाईने निघाले. मी वेगळं काही केलं नाही, नेहमीसारखी डावीकडे गेले आणि थेट एका फुलवालीच्या बादलीवर आदळले. तिने मामांची चांगलीच खरडपट्टी काढली. मामांनी मला सरळ केलं. मी पुन्हा डावीकडे. त्यांनी खाली वाकून चाक पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा, ही तर आत्याबाईंची! हे चाक मीच मोडलं होतं."

डोंगराची बस समोरून निघून गेली. मामांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मला पोटाशी धरून ते टॅक्सीत बसले. इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच उचलून घेतलं होतं. हॉटेलच्या दारात आत्याबाईंनी त्यांना काहीबाही सुनावलं आणि लगेच चहाही मागवला. पोशाखाला इस्त्री झाली. दुसऱ्या दिवशी भाची तो घालून वाळूवर उभी राहिली, आणि आत्याबाई चष्मा पुसत राहिल्या.

मित्रांनो, परक्या देशात लग्नाला जाल तेव्हा जिवापाड जपायची वस्तू हातात ठेवा. बॅगेवर फक्त तुमचीच अशी काही खूण करा, आत नाव आणि हॉटेलचा पत्ता ठेवा. फोनचं घरूनच बघा. आणि घरातली जुनी वस्तू माळ्यावर टाकण्याआधी एकदा तिच्याकडे नीट पाहा.

परत आल्यावर मामा माझ्यासाठी नवं चाक घेऊन आले.

"खबरदार हात लावाल तर!" आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी मशीनच्या तेलाची बुधली काढली आणि अंदाजाने चाचपत माझ्या वाकड्या चाकात तेल सोडलं.